आईसाठी कॅव्हेलियर घ्यावा का? स्वभाव, पूर्वपीठिका आणि हृदयाचा प्रश्न

नीलमोहर

नमस्कार मंडळी.

आई ६८ वर्षांची आहे, बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. मागच्या महिन्यात आम्ही एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आहे, पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे असलेला. आम्ही बसल्यावर तो एकेकाला हुंगून आला आणि मग सरळ आईच्या पावलावर हनुवटी टेकवून पडला. आम्ही निघेपर्यंत हलला नाही. आईनेही पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, हे तिने नंतर सांगितलं. परतताना गाडीत ती किती तरी दिवसांनी आपणहून बोलत होती, आणि बोलत होती ती त्याच्याबद्दलच.

म्हणून मनात आलंय. पण नेटवर वाचायला लागले आणि गोंधळले. कुठे किंग चार्ल्स लिहितात, कुठे कॅव्हेलियर. दोन्ही एकच का? राजेरजवाड्यांचा म्हणजे नाजूक, लाडावलेला असतो का? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे, बऱ्याच जणांनी लिहिलंय की या जातीला हृदयाचा आजार असतोच. आईने आत्ताच एक जाणं सोसलंय. ज्यांनी प्रत्यक्ष पाळलाय त्यांनी कृपया खरं खरं सांगा.

झुंजूमुंजू

माझ्या भावाकडे होता. राखणीचा विचार असेल तर सोडून द्या, चोर आला तर त्याच्याही मांडीवर चढेल. बाकी मायाळूपणात त्याला तोड नाही. मात्र एकटं राहणं त्याला अजिबात जमत नाही. भाऊ-वहिनी दोघं कामावर जायचे, तेव्हा तो दाराशी बसून राहायचा, पाण्यालाही तोंड लावायचा नाही. आई दिवसभर घरात असतील तर तो प्रश्न येणार नाही.

गुंजेची आई

नीलमोहर, आईंच्या पायाला आलेल्या मुंग्यांचं वाचलं आणि लिहायला बसले. मी निवृत्त नर्स. गेल्या अठरा वर्षांत माझ्याकडे दोन कॅव्हेलियर आल्या. पहिली गुंज, काळी-तांबडी, म्हणून ते नाव. ती दहाव्या वर्षी गेली. दुसरी केशर, आता सहा वर्षांची, आणि आत्ता माझ्या उजव्या पावलावर हनुवटी टेकून आहे. तो काही त्या एका कुत्र्याचा गुण नव्हे, यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे ते.

आधी नावाचं. किंग चार्ल्स आणि कॅव्हेलियर या आज दोन वेगळ्या जाती आहेत. किंग चार्ल्स लहान, चपट्या तोंडाचा, डोकं घुमटासारखं. कॅव्हेलियरचं तोंड लांबट, डोकं कानांमध्ये जवळजवळ सपाट, वजन साधारण साडेपाच ते आठ किलो. अमेरिकेत गोंधळ टाळायला किंग चार्ल्सला इंग्लिश टॉय स्पॅनियल म्हणतात. मूळ एकच, फाटे नंतर फुटले.

मूळ म्हणजे इंग्लंडमधले सरदारांघरचे छोटे स्पॅनियल. जॉन केयस नावाचे वैद्य होते, पहिल्या एलिझाबेथच्या काळातले. त्यांनी इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ लिहिला, १५७६ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. त्यात या छोट्या स्पॅनियलला एक नाव दिलंय, ज्याचा अर्थ होतो 'दिलासा देणारा'. बायका त्याला उराशी धरून बसतात, आणि पोटदुखीत त्याला पोटाशी धरलं की आराम पडतो, असं त्यांनी नोंदवलंय. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, शेकाच्या पिशव्या किती दिल्या त्याची गणती नाही. त्यामुळे ही नोंद वाचली तेव्हा मला केयस एकदम आपल्यातले वाटले. शिकारी कुत्र्याचं काम शिकार, धनगराच्या कुत्र्याचं काम मेंढ्या, तसं याचं काम माणसाला टेकून बसणं. तेवढ्यासाठीच तो वाढवला गेला. म्हणून तो एकटा ठेवला की खचतो. झुंजूमुंजू यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे.

नंतर स्टुअर्ट राजे आले. व्हॅन डाइकने पहिल्या चार्ल्सच्या मुलांची चित्रं काढली त्यांत हे कुत्रे आहेत, लांब तोंडाचे, कान लोंबते. त्या मुलांतलाच एक पुढे दुसरा चार्ल्स झाला, १६६० ते १६८५ त्याचं राज्य, आणि जातीला नाव त्याचं मिळालं. सॅम्युएल पेपीसने १६६७ च्या डायरीत वैतागून लिहिलंय की सल्लागारांची बैठक चालू असताना राजा सारा वेळ कुत्र्याशी खेळत होता, कामात लक्षच नव्हतं. दुसरे डायरी लिहिणारे जॉन इव्हलिन. त्यांची तक्रार अशी की राजाच्या शयनगृहात कुत्र्या वितात, पिल्लांना पाजतात, आणि सगळ्या दरबाराला वास येतो. मी वाचून म्हटलं, बरोबर आहे, व्यायला आलेली कॅव्हेलियर माणसाच्या जवळचीच जागा शोधणार.

मार्लबरोच्या ड्यूककडे तांबड्या-पांढऱ्या रंगाचे असायचे. ब्लेनहाइमच्या लढाईवरून, १७०४ ची, त्याच्या वाड्याला नाव पडलं आणि वाड्यावरून त्या रंगाला. तुम्ही पाहिलात तो ब्लेनहाइमच. काहींच्या डोक्यावर मधोमध टिळ्यासारखा तांबडा ठिपका असतो. लढाईची बातमी येईना म्हणून ड्यूकची बायको सारा अस्वस्थपणे गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत राहिली, आणि पिल्लं झाली ती अंगठ्याची खूण घेऊनच, अशी दंतकथा सांगतात. केशरला तो टिळा आहे. माझाही अंगठा आपोआप तिथेच जातो.

व्हिक्टोरिया राणीचा डॅश हाही असाच, तिरंगी म्हणजे काळा, पांढरा आणि तांबूस. १८३८ मध्ये राज्याभिषेक आटोपून परत आल्यावर एकोणीस वर्षांच्या राणीने त्याला आंघोळ घातली, असं सांगतात. डॅश १८४० मध्ये गेला. त्याच्या थडग्यावर कोरलंय की त्याच्या प्रेमात स्वार्थ नव्हता, खेळण्यात दुष्टावा नव्हता आणि निष्ठेत कपट नव्हतं.

पण त्याच शतकात चपट्या तोंडाची आवड आली. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांशी संकर झाले, आणि चित्रातला तो लांब तोंडाचा स्पॅनियल दिसेनासा झाला.

पुढची गोष्ट मला फार जवळची आहे. रॉझवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ १९२० च्या दशकात इंग्लंडला आले, जुन्या चित्रांतल्यासारखे स्पॅनियल शोधत. मिळाले ते सगळे चपटे. त्यांनी १९२६ मध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या मोठ्या प्रदर्शनात बक्षीस लावलं, सर्वोत्तम नर आणि सर्वोत्तम मादी यांना २५ पौंड, पाच वर्षांसाठी. अट एवढीच की कुत्रा दुसऱ्या चार्ल्सच्या काळातल्या चित्रांसारखा हवा, तोंड लांब, कवटी सपाट. ब्रीडर मंडळींनी सुरुवातीला फारसं मनावर घेतलं नाही, कारण चपटी करण्यात त्यांची वर्षं गेली होती. तरी काही जणी चिकाटीने मागे लागल्या. १९२८ मध्ये क्लब निघाला, 'कॅव्हेलियर' हा शब्द नावाला जोडला गेला, आणि ॲन्स सन नावाचा कुत्रा टेबलावर उभा करून, त्याच्याकडे बघत जातीचं वर्णन लिहिलं गेलं. केस कातरून आकार द्यायचा नाही, असंही तेव्हाच ठरलं. एल्ड्रिज मात्र त्याच वर्षी, प्रदर्शनाच्या थोडं आधी वारले. आपण शोधत होतो तो कुत्रा परत आलाय, हे त्यांना बघायला मिळालं नाही. अठरा वर्षं झाली, हे आठवलं की अजूनही मला चुटपुट लागते.

केनेल क्लबने, म्हणजे जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने, स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली १९४५ मध्ये. मधल्या दुसऱ्या महायुद्धात खायला घालणं परवडेना म्हणून कुत्रे वाढवायची ठिकाणंच्या ठिकाणं रिकामी झाली होती. एका नावाजलेल्या ठिकाणी साठाचे तीन उरले. आजचे कॅव्हेलियर त्या मूठभर कुत्र्यांची लेकरं आहेत. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ बरंचसं इथे आहे, पण तो वेगळा लिहिते. केशरला बाहेर न्यायची वेळ झाली.

पानगळ

सुंदर माहिती ताई. एक भर: दुसऱ्या चार्ल्सने कायदा केला होता की या कुत्र्यांना कुठेही, अगदी पार्लमेंटमध्येसुद्धा अडवायचं नाही, आणि तो कायदा अजून लागू आहे. शिवाय स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला तेव्हा तिच्या घागऱ्यात जो कुत्रा सापडला तो कॅव्हेलियरच होता ना?

आता मुद्द्याचं, थोडं कडू वाटेल. मी ही जात घेऊ नये या मताचा आहे. नॉर्वेत प्राणी कल्याण संघटनेने दावा लावला होता. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने सांगितलं की कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉगचं प्रजनन प्राणी कल्याण कायद्याच्या विरुद्ध आहे. वरच्या न्यायालयात बुलडॉगचा निकाल बदलला, कॅव्हेलियरचा राहिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला. एवढं झाल्यावरही आपण पिल्लं विकत घेत राहिलो तर काय अर्थ आहे?

गुंजेची आई

पानगळ, आधी त्या दोन गोष्टी. असा कायदा कधी कुणाला सापडलेला नाही, गोष्ट गोड आहे म्हणून ती फिरत राहते. मेरी राणीचं १५८७ चं. तिच्या कपड्यांत लहान कुत्रा लपलेला होता हे खरं, पण कॅव्हेलियर ही जात तेव्हा नव्हतीच. त्या जिवाला आपण नंतरचं नाव चिकटवू नये.

नॉर्वेबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि मला ते कडू वाटलं नाही. निकाल जातीतल्या जातीत प्रजनन करण्याबद्दल आहे, कुत्रा पाळण्यावर बंदी नाही. दुसऱ्या जातीशी विचारपूर्वक संकर करायला त्यात वाट ठेवली आहे. मला तो मार्ग पटतो. एल्ड्रिजला चित्रातलं तोंड परत मिळवता आलं, तर आतलं हृदय सुधारायचा प्रयत्नही झाला पाहिजे.

नीलमोहर, आता तुझा प्रश्न. गुंजेचं सांगते, काही न लपवता.

ती पाच वर्षांची असताना एका दुपारी माझ्या मांडीवर झोपली होती. जुना स्टेथोस्कोप खणात होता, सहज लावला. डाव्या बाजूला, कोपराच्या मागे. लब-डबच्या ऐवजी मधे फुस्स असा आवाज, बारीक, जसा फुग्याच्या तोंडातून वारा सुटतो तसा. माणसांच्या छातीत तो हजारदा ऐकला होता. हृदयातली मायट्रल झडप नीट मिटत नाही, रक्त थोडं उलटं येतं, त्याचा तो आवाज. पुढचा तासभर मी तिला मांडीवरून उतरवलं नाही. जिच्याकडून तिला आणलं त्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, "या जातीत सगळ्यांनाच असतं." मग आधी का नाही सांगितलंत, असं विचारलं, तेव्हा फोन ठेवला गेला. आई-बापाची तपासणी झाली होती का, हे मी पिल्लू घेताना विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

सर्वसाधारण हिशेब असा की पाच वर्षांपर्यंत निम्म्या कॅव्हेलियरना हा आवाज येतो आणि दहापर्यंत जवळपास सगळ्यांना. आवाज आला म्हणजे लगेच आजारी असं नाही. गुंज पुढे साडेतीन वर्षं उड्या मारत होती. चिमण्या दिसल्या की दोरी हातातून सुटायची, कारण हा मांडीवरचा असला तरी आत स्पॅनियल आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीची त्याला भीती नसते. आईंना हे जरूर सांग, बाहेर दोरी कायम हवी.

हृदय मोठं व्हायला लागलं की औषध असतं. २०१६ मध्ये एपिक नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय मोठं झालंय पण लक्षणं नाहीत, अशा कुत्र्यांना पिमोबेंडान दिलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे पंधरा महिने पुढे जाते, असं त्यात दिसलं. गुंजेला त्याचा फायदा मिळाला नाही, ती वेळ त्याआधीच येऊन गेली होती. ज्यांचे कुत्रे आज त्या टप्प्यावर आहेत त्यांनी मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वेळेवर करून घ्यावा, हे मी हात जोडून सांगते.

आणि एक काम घरी करता येतं, त्याला काही लागत नाही. गाढ झोपेत असताना छातीचा वर-खाली होणारा भाता मोजायचा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट. तीसच्या खाली असला तर ठीक. माझ्याकडे एक वही आहे, रोज रात्री साडेदहाला लिहायची. २२, २४, २२, २४, २६. पानं भरली आहेत. मग एका रात्री ३८, थांबून पुन्हा मोजले तर ४०. तिने डोकं उशीवर न ठेवता मान ताठ धरली होती, आणि तसं झोपायची तिची सवय नव्हती. तेव्हाच निघालो. फुप्फुसात पाणी भरायला लागलं होतं. वेळेत पोचलो म्हणून लघवीच्या औषधाने उतरलं आणि आम्हाला आणखी चौदा महिने मिळाले.

दुसरा आजार मानेचा, त्याबद्दल कमी बोललं जातं. काहींची कवटी मेंदूच्या मानाने तोकडी असते, द्रवाची वाट अडते आणि मज्जारज्जूत पोकळ्या होतात. चालता चालता कुत्रा मानेपाशी हवेतच खाजवतो, पंजा अंगाला लागतही नाही. मानेला स्पर्श सहन होत नाही, रात्री अचानक ओरडतो. निदान एमआरआयने होतं. ज्याच्याकडून घेशील त्याला पिल्लाच्या आई-बापाच्या एमआरआयबद्दल विचार.

मग घ्यावा का? पिल्लू घेणारच असाल तर आई आणि बाप दोघंही किमान अडीच वर्षांचे झाल्यावरच प्रजननाला वापरलेत का, तेव्हा त्यांचं हृदय तपासून स्वच्छ होतं का, आणि त्यांच्या आई-बापांचं पाचव्या वर्षीही स्वच्छ होतं का, हे कागदावर बघ. केशर आणताना मी तसंच केलं, दोन वर्षं थांबले. पण तुझ्या आईंसाठी माझा सल्ला वेगळा आहे. मोठा कुत्रा बघ. सहा-सात वर्षांचा, ज्याचं घर काही कारणाने सुटतंय. त्याच्या हृदयाचं काय आहे ते आजच कळेल, अंदाज करत बसावं लागणार नाही. कुरतडणं, जागोजागी शू हे सोसावं लागणार नाही. आणि पानगळ म्हणतात तसं, एका नव्या पिल्लाची मागणीही तू वाढवणार नाहीस.

पानगळ

मोठा कुत्रा घेण्याला माझा काहीच विरोध नाही ताई. कायद्याची गोष्ट आता पुढे सांगणार नाही. वहीचं वाचून गलबलून आलं.

नीलमोहर

ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. गुंजेपाशी मी थांबले, तर म्हणाली वाच पुढे.

तीन आठवड्यांनी लिहितेय. ज्यांच्याकडे तो पहिला कॅव्हेलियर पाहिला त्यांच्याच ओळखीतून एक मादी कळली, सात वर्षांची, तिरंगी. तिच्या मालकीणबाई परदेशी मुलाकडे जाताहेत. आम्ही दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी ती सोफ्यावर झोपली तेव्हा आईने घड्याळ पुढे धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागली. अकरा. म्हणजे २२. मला म्हणाली, तूही मोज, माझं चुकलं असेल. माझेही अकराच आले.

मर्मर, म्हणजे तुम्ही सांगितलात तो फुस्स आवाज, आहे, हलका. इकोत हृदयाचा आकार अजून ठीक आहे. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट खूप कमी आल्यात, लाल अक्षरात. घरातले म्हणताहेत की नको. काय करू?

गुंजेची आई

थांब, घाबरू नकोस. कॅव्हेलियरमध्ये साधारण निम्म्यांच्या प्लेटलेट संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात. हा जातीचाच गुण आहे, रक्तस्राव होत नाही, उपचार लागत नाहीत. मशीन मोठ्या प्लेटलेट नीट मोजत नाही, त्यामुळे आकडा आणखी खाली दिसतो. डॉक्टरांना सांग की काचपट्टीवर थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि जात कॅव्हेलियर आहे हे आवर्जून सांग. अंगावर निळे-जांभळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त येतंय का, तेवढं तू स्वतः पाहा. केशरच्या रिपोर्टमध्येही दर वर्षी ती लाल अक्षरं असतात.

तिला आणशील तेव्हा तिची जुनी चादर न धुता बरोबर घे. कानांच्या मागचे केस रोज विंचरायचे, तिथे गुंता आधी होतो. आणि पहिले काही दिवस आईंना म्हणावं, घरात कुठेही जाताना तिला हाक मारून बरोबर न्या. ती येणारच आहे, पण हाक मारलेली तिला आवडेल.

साधी रेघांची वही चालते. वर तारीख, खाली आकडा.